तेवीस अंश आणि सदतीस अंश

कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव येत नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात. कटात बुडवायच्या आधी एखादी स्लाइस उजेडासमोर धरावी. तिच्या अंगभर दिसणारी जाळी म्हणजे यीस्टच्या पेशींनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. पीठ फुगवणाऱ्या त्या पेशी भट्टीत मेल्या. भट्टीतलं मरण काही शिकवत नाही, कारण त्या आचेला सगळंच मरतं. शिकण्यासारखं मरण वेगळं असतं: ज्या तापमानाला किंवा किरणांच्या ज्या मात्रेला शेजारच्या लाखो पेशी सुखाने वाढतायत, तिथेच एक पेशी अडते. ती का अडली, आणि नेमकी कुठल्या टप्प्यावर अडली, या दोन प्रश्नांमधून पेशीविभाजनाचं निम्मं शास्त्र उभं राहिलं आहे. त्यातला दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

यीस्टमध्ये सुमारे ६००० जनुकं आहेत, १६ गुणसूत्रांवर वाटलेली. त्यांपैकी साधारण हजारेक अशी की एक जरी काढून टाकलं तरी पेशी जगत नाही. म्हणजे जी जनुकं सर्वांत महत्त्वाची, तीच अभ्यासायला सर्वांत अवघड. मेलेल्या पेशीला काय विचारणार? तापमान-संवेदी म्युटंटने, म्हणजे तापमान वाढलं की अडणाऱ्या, जनुक बदललेल्या पेशीने, ही अडचण सोडवली. जनुकात एखादंच अक्षर बदललेलं असतं, प्रथिनात एखादंच अमिनो आम्ल वेगळं बसलेलं असतं. २३ अंशांना ते प्रथिन नीट घडी घालून काम करतं, ३६-३७ अंशांना त्याची घडी सैल पडते. २३ वर पेशी वाढवायची, जतन करायची, तिची लग्नं लावायची, म्हणजे दुसऱ्या पेशीशी संकर करायचा. आणि प्रश्न विचारायचा असेल तेव्हा ३७ वर न्यायची. सिएटलमध्ये लेलँड हार्टवेल यांनी १९७०च्या सुमारास अशा म्युटंटांमधून पेशीचक्राची जनुकं शोधली. ती सीडीसी (सेल डिव्हिजन सायकल, म्हणजे पेशीविभाजनाचं चक्र) या नावाने आणि क्रमांकाने ओळखली जातात. २००१ साली पॉल नर्स आणि टिम हंट यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

किरण-संवेदी म्युटंटांचं घराणं वेगळं. त्यांच्या जनुकांची नावं रॅड, ‘रेडिएशन’वरून. अतिनील किरणांना नाजूक असणाऱ्यांना १ ते ४९ क्रमांक, क्ष-किरणांना नाजूक असणाऱ्यांना ५० पासून पुढे. हा भेद निव्वळ कारकुनी नाही. अतिनील किरण डीएनएच्या एकाच धाग्यावरची शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवतात. क्ष-किरण आणि गॅमा किरण दोन्ही धागे तोडू शकतात. चिकटलेला भाग कापून काढायचा आणि समोरच्या धाग्यावरून भरून घ्यायचा, हे काम रॅड-१, २, ३, ४, १०, १४ या टोळीचं. तुटलेलं टोक जुळवायचं तर नक्कल करायला त्याच मजकुराची दुसरी प्रत लागते; ते काम रॅड-५० ते ५७चं, आणि त्यांत रॅड-५२ म्होरक्या. रॅड-६ आणि रॅड-१८ यांची तिसरी टोळी. इजा तशीच ठेवून प्रत काढण्याचं काम पुढे कसं न्यायचं, हे ती पाहते. कोणतं जनुक कोणत्या टोळीत, हे दुहेरी म्युटंट, म्हणजे दोन्ही जनुकं बिघडलेली पेशी, करून कळतं. दोन बिघाड एकत्र आणूनही पेशी दोघांतल्या जास्त नाजूक भावंडाइतकीच नाजूक राहिली, तर वाट एकच. नाजूकपणा वाढला, तर वाटा दोन.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीला मोह होतो तो हाताशी असलेल्या यीस्टचा. बाजारात बेकरीचं यीस्ट मिळतं, गुऱ्हाळावरच्या उसाच्या रसात रानटी यीस्ट असतंच. दोन्ही नकोत. बेकरीच्या यीस्टमध्ये गुणसूत्रांचे दोन किंवा त्याहून जास्त संच असतात आणि ते बीजाणू नीट धरत नाही. रानटी यीस्ट आपलं लिंग आपणच बदलून आपल्याच लेकीशी जुळतं आणि पुन्हा दुहेरी, म्हणजे दोन संचांचं, होतं. दुहेरी पेशीत एक प्रत बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते, आणि शोधायचा तो बिघाड झाकलेलाच राहतो. म्हणून एकेरी आणि लिंग स्थिर असलेला प्रयोगशाळेतला वाण घ्यावा. सर्वांत प्रसिद्ध वाण एस-२८८-सी. त्याचा बहुतांश वारसा १९३८ साली कॅलिफोर्नियात मर्सेड इथे एका कुजक्या अंजिरावर सापडलेल्या यीस्टकडे जातो. यीस्टचा पहिला पूर्ण जनुकसंच १९९६ साली वाचला गेला, तो याच वाणाचा.

माध्यम साधं आहे. एक लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, पेप्टोन २०, डेक्स्ट्रोज २०, अगर २०. डेक्स्ट्रोज वेगळ्या बाटलीत ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून, नंतर मिसळावं. एकत्र शिजवलं तर माध्यम गुळासारखं तांबूस होतं आणि प्रत्येक खेपेला वेगळं होतं. ओतलेल्या प्लेटी दोन दिवस पालथ्या ठेवून सुकवाव्यात. पावसाळ्यात तीन. ओल्या प्लेटीवर थेंब पसरतो, दोन कॉलन्या (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) एकमेकींत मिसळतात, आणि पुढची सगळी मोजणी खोटी ठरते.

रात्रभर वाढवलेल्या पेशी आधी दोनदा निर्जंतुक पाण्याने धुवाव्यात, कारण माध्यमच अतिनील किरण पिऊन टाकतं. मिलिलिटरला एक कोटी पेशी पुरतात. दाट केल्या तर वरची पेशी खालचीवर सावली धरते. दहा मिलिलिटर द्रव उघड्या पेट्री डिशमध्ये, हलत्या चुंबकावर ठेवावा. झाकण काढायलाच हवं, काचेतून किंवा प्लास्टिकमधून २५४ नॅनोमीटरचे किरण पार होत नाहीत. दिवा वीस मिनिटं आधी लावून ठेवावा. नुकत्या लावलेल्या दिव्याचा जोर स्थिर नसतो. मीटर सूक्ष्म-वॅट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये आकडा दाखवतो, तर किती मात्रेला किती पेशी उरल्या याची वक्ररेषा ज्यूल प्रति चौरस मीटरमध्ये काढायची असते. हा हिशेब पाठ असावा: चौरस सेंटिमीटरला १०० सूक्ष्म-वॅट म्हणजे चौरस मीटरला सेकंदाला एक ज्यूल. दहा सेकंद धरलं की दहा ज्यूल. धडधाकट वाण ५० ज्यूलनंतरही बऱ्यापैकी उरतो. रॅड-१ बिघडलेला वाण दहाच्या आतच जवळजवळ रिकामा होतो.

डोळ्यांची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून. उद्यमनगरातल्या कोणत्याही वेल्डरला विचारा, उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं का होतं. हा दिवा तेच करतो, फक्त प्रखर दिसत नाही म्हणून माणूस गाफील राहतो. पूर्ण चेहऱ्याची पॉलिकार्बोनेटची ढाल आणि हातमोजे, यात तडजोड नको.

किरण दिल्यानंतर प्लेटी अंधारात हव्यात. हे वाक्य प्रत्येक कार्यपद्धतीत असतं आणि तेच सर्वांत जास्त मोडलं जातं. यीस्टकडे फोटोलायेज नावाचं प्रथिन आहे. निळा-जांभळा उजेड मिळाला की तो वापरून ते चिकटलेली अक्षरं थेट सोडवतं. कापाकापी नाही, भरणी नाही. कोल्हापूरच्या मार्चमधल्या दुपारी खिडकीजवळच्या ओट्यावर प्लेटी ठेवून कोणी अर्धा तास जेवायला गेलं, तर परत येईपर्यंत इजेचा मोठा भाग पुसलेला असतो. वक्ररेषा वर सरकते, म्युटंट धडधाकट दिसतो, आणि दोष मात्र दिव्याला दिला जातो. पिवळा किंवा लाल बल्ब लावावा, प्लेटी अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळाव्यात. हा शोधच मुळी अशा गोंधळातून लागला. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अल्बर्ट केल्नर अतिनील किरणांनंतर जीव सावरण्यावर तापमानाचा काय परिणाम होतो हे पाहत होते. आकडे एकमेकांशी काही केल्या जुळेनात. शेवटी लक्षात आलं की फरक तापमानाचा नसून उजेडाचा आहे. नळ्या खिडकीजवळच्या पारदर्शक पाणपेटीत होत्या. तापमान आणि किरण दोन्ही हाताळणाऱ्याने ही गोष्ट मनात ठेवावी. तिसरा घटक खोलीतच असतो, फक्त त्याचा रकाना वहीत नसतो.

क्ष-किरण आणि गॅमा किरणांच्या कामात तो तिसरा घटक म्हणजे प्राणवायू. नळीत दाट पेशी तळाशी बसल्या की त्या उरलासुरला प्राणवायू संपवतात, आणि प्राणवायूविना गॅमा किरणांची इजा अडीच-तीन पटींनी कमी होते. मग एखादा म्युटंट अचानक चिवट वाटायला लागतो. नळी बर्फात ठेवावी, म्हणजे किरण चालू असताना दुरुस्ती सुरू होत नाही. आणि हवा खेळती ठेवावी.

पुढची पायरी निवडीची. म्युटंट मिळतात तेही किरणांतूनच, कारण किरण जनुकांत बिघाड घडवतात. शंभरातल्या दहा ते पन्नास पेशी जगतील इतकी मात्रा द्यावी, प्लेटीला दोनशे कॉलन्या येतील इतकं पातळ करून पसरावं, आणि २३ अंशांना अंधारात चार-पाच दिवस ठेवावं. मग निर्जंतुक मखमलीवर प्लेट दाबून तिचे तीन ठसे घ्यायचे: एक २३ ला, एक ३७ ला, एक किरण देऊन २३ ला. मूळ प्लेटीवर आहे आणि ३७ च्या किंवा किरणांच्या ठशावर नाही, ती कॉलनी आपली. पावसाळ्यात मखमल आतून ओली राहते आणि ठसे पुसट उठतात. ऑटोक्लेव्हनंतर ती ओव्हनमध्ये कोरडी करूनच वापरावी. नाहीतर बुरशीची कॉलनी आधी येते, यीस्टची नंतर.

परदेशी कार्यपद्धतीत २३ अंशांच्या जागी पुष्कळदा नुसतं ‘खोलीचं तापमान’ लिहिलेलं असतं. सिएटलमधल्या खोलीचं ते तापमान असेल. कोल्हापुरात एप्रिलमध्ये पारा ३७-३८ पर्यंत जातो आणि डिसेंबरच्या पहाटे १५ च्या आसपास असतो. इथे खोलीवर विसंबलेला तापमान-संवेदी वाण उन्हाळ्यात जगण्याच्या तापमानालाच मरायला लागतो. त्याहून वाईट म्हणजे, त्यातली एखादी पेशी पूर्ववत बदलते आणि आठवडाभरात बाकीच्यांना मागे टाकते. मग फ्रिजमधली जतन केलेली नळी नावाने म्युटंट आणि गुणाने धडधाकट. थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर (ठरलेलं तापमान राखणारी पेटी) ही इथे चैन नाही, गरज आहे. वरच्या टोकालाही तितकीच काळजी हवी. धडधाकट यीस्ट ३७ ला वाढतं, ४० च्या पुढे तेही अडखळतं. दोन अंश वर गेले तर सगळेच वाण संवेदी दिसतील, दोन अंश खाली आले तर म्युटंट हळूहळू वाढेल. गुळव्याला काहिलीतला पाक कधी उतरवायचा याची जेवढी नजर असते, तेवढीच इथे लागते. फरक इतकाच की गुळव्या पाक पाण्यात टाकून पाहतो, आणि इथे इन्क्युबेटरच्या दारावरच्या आकड्यावर भागत नाही. आतल्या पाण्याच्या बीकरमध्ये किमान-कमाल नोंदवणारा तापमापक ठेवावा. रात्री दोन तास लाइट गेली होती हे तोच सांगतो. प्लेटींची चळत लावू नये, मधल्या प्लेटींना ३७ गाठायला वेळ लागतो. द्रव माध्यमात बदल करायचा असेल तर आधी तापवलेलं माध्यम मिसळून एकदम करावा.

एक गोष्ट इथेच वेगळी काढायला हवी, कारण नवशिक्यांचा घोळ हमखास इथे होतो. ३७ ला न वाढणं आणि ५० ला मरणं हे दोन निराळे गुण आहेत. पहिल्यात एक प्रथिन सैल पडतं. दुसऱ्यात पेशीतली सगळीच प्रथिनं गोळा व्हायला लागतात. धडधाकट पेशींना अर्धा तास ३७ ला ठेवून मग ५० ला नेलं, तर थेट नेलेल्यांपेक्षा कितीतरी पटीने जास्त वाचतात. या कमावलेल्या सोशिकपणासाठी एचएसपी-१०४ हे प्रथिन लागतं, हे १९९० साली दाखवलं गेलं. वाढ थांबून निवांत बसलेल्या पेशी तर मुळातच उष्णतेला चिवट असतात. म्हणून दोन वाणांची तुलना करताना दोन्हींचं वय सारखं हवं. एक नळी सकाळची आणि दुसरी परवाची असेल, तर ती तुलना वयाची झाली, जनुकाची नाही.

आता या सगळ्यातला सर्वांत रसाळ भाग. ठशांमध्ये अशी एक कॉलनी सापडते, जी ३७ लाही वाढत नाही आणि किरणांनाही नाजूक आहे. लगेच वाटतं की एकच जनुक, आणि ते दोन्ही कामं करतं. हे खरं असू शकतं. रॅड-३ चं उदाहरण समोर आहे: त्याचं प्रथिन चिकटलेल्या अक्षरांजवळ डीएनए उकलतं, आणि जनुकांचं वाचन सुरू करणाऱ्या यंत्रणेचाही ते भाग आहे. म्हणून ते पूर्ण काढलं तर पेशी मरते, एखादं अक्षर बिघडवलं तर जगते पण अतिनील किरणांना नाजूक होते. माणसातलं त्याचं भावंड बिघडलं की झिरोडर्मा पिग्मेंटोझम हा आजार होतो, ज्यात साधं ऊनही कातडीला सोसत नाही. पण ज्या पेशीला मारायला निघालो होतो, इतके किरण दिले, तिच्यात एकाऐवजी दोन बिघाड झाले असणं अगदी सहज शक्य आहे. पुराव्याशिवाय एका जनुकाची कहाणी रचू नये.

पुरावा बीजाणू देतात. म्युटंटचं धडधाकट विरुद्धलिंगी वाणाशी लग्न लावायचं, दुहेरी पेशी एक टक्का पोटॅशियम अॅसिटेटवर उपाशी ठेवायची. चार-पाच दिवसांत तिच्या पोटात चार बीजाणू तयार होतात, ती एक चौकडी. पिशवीची भिंत झायमोलायेज या एंझाइमने सैल करायची आणि काचेच्या बारीक सुईने चौघांना वेगळं मांडायचं. एंझाइम जास्त वेळ ठेवलं तर चौकड्या फुटून एकमेकींत मिसळतात. कमी ठेवलं तर सुटत नाहीत. पाच-दहा मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहावं, घड्याळावर विश्वास ठेवू नये. एकाच जनुकाचा गुण असेल तर प्रत्येक चौकडीत दोन नाजूक, दोन धडधाकट. दोन्ही गुण एकाच जनुकाचे असतील तर जो बीजाणू ३७ ला मरतो तोच किरणांनाही नाजूक, प्रत्येक चौकडीत, अपवादाशिवाय. जनुकं दोन आणि एकमेकांपासून दूर असतील, तर सहातल्या साधारण पाच चौकड्यांमध्ये गुण वेगळे झालेले दिसतात.

समजा वीस चौकड्या पाहिल्या आणि विसांतही गुण सोबतच राहिले. इथे बरेच जण वही मिटतात. घाई करू नये. विसांत एका चौकडीत जरी दोघं वेगळे झाले असते, तरी दोन जनुकांमधलं अंतर निघालं असतं अडीच सेंटिमॉर्गन (जनुकं किती वेळा वेगळी होतात यावरून मोजलेलं गुणसूत्रावरचं अंतर). यीस्टमध्ये एक सेंटिमॉर्गन म्हणजे ढोबळमानाने तीन हजार अक्षरं, आणि दर दोन हजार अक्षरांना एक जनुक. म्हणजे वीस चौकड्यांच्या चाळणीतून शेजारशेजारची तीन-चार जनुकं सहज निसटतात. म्हणून दुसरी कसोटी: दहा कोटी म्युटंट पेशी ३७ ला पसराव्यात, जे मोजके पूर्ववत होऊन उगवतील त्यांची किरणांची परीक्षा घ्यावी. ३७ ला वाढणारे सगळेच किरणांनाही सावरत असतील, तर मूळ बिघाड एकच असण्याला जोर मिळतो. तरीही त्यांचं पुन्हा धडधाकट वाणाशी लग्न लावून पाहावं. बीजाणूंमध्ये ३७ ला मरणारे परत दिसले, तर बिघाड दुरुस्त झालेला नाही. दुसऱ्याच कुठल्या जनुकाने तो झाकला आहे. शेवटची कसोटी प्लाझ्मिडवरच्या, म्हणजे पेशीत बाहेरून घातलेल्या डीएनएच्या छोट्या कड्यावरच्या, एकाच धडधाकट जनुकाची. तेवढ्याने दोन्ही गुण परतले तर मग बोलावं.

थंडीचं एक उदाहरण मला या सगळ्यात फार मोलाचं वाटतं. रॅड-५५ आणि रॅड-५७ बिघडलेले वाण क्ष-किरणांना ३० च्या पुढे बरे असतात, २३ ला जास्त नाजूक. पाहणारा म्हणेल, प्रथिन थंडीत बिघडत असेल. पण जनुक मुळापासून काढून टाकलं तरी हेच दिसतं. प्रथिनच नाही तर ते थंडीत बिघडणार कसं? याचा अर्थ असा की त्या प्रथिनाच्या गैरहजेरीत दुरुस्तीचं उरलेलं काम उबेत कसंबसं निभावतं, थंडीत निभावत नाही. तापमान-संवेदी म्हटलं की प्रथिन वितळलं, हे उत्तर इतकं सवयीचं झालं आहे की जनुक पूर्ण काढून पाहण्याची साधी तपासणी राहून जाते.

आणि आता दोन्ही घराणी एकत्र. हार्टवेल यांच्या म्युटंटांत सीडीसी-९ आहे. ते जनुक डीएनए जोडणाऱ्या लायगेजचं. ३७ ला लायगेज थांबतं, नव्या धाग्याचे तुकडे जोडले जात नाहीत, गुणसूत्रात फटी राहतात. दुसरा सीडीसी-१३, त्याचं प्रथिन गुणसूत्रांची टोकं झाकतं, ३७ ला ती उघडी पडतात. गॅमा किरण देणारा कोबाल्टचा स्रोत नाही, क्ष-किरणांचं यंत्र नाही, पण पेशीच्या आत इजा मात्र तयार. ज्या महाविद्यालयात गॅमा चेंबर मिळण्याची शक्यता नाही, तिथेही एका चांगल्या इन्क्युबेटरवर किरण-जीवशास्त्राचा मोठा भाग शिकवता येतो, तो या वाणांमुळे. कोल्हापुरातल्या विद्यार्थ्यांपर्यंत हे पोहोचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

या वाणांच्या पेशी ३७ ला कशाही मरत नाहीत. त्या एका ठरावीक जागी थांबतात: कोंब (आईच्या अंगावर फुटलेली लेक-पेशी) आईएवढा मोठा, केंद्रक अजून विभागलेलं नाही, डंबेलसारखा आकार. धडधाकट पेशीला क्ष-किरण दिले तरी ती याच जागी थांबते, आणि दुरुस्ती झाल्यावर पुढे जाते. टेड वाइनर्ट आणि हार्टवेल यांनी विचारलं, हे थांबणं इजेमुळे आपोआप होतं, की कोणी थांबवतं? १९८८ साली त्यांनी रॅड-९ बिघडलेल्या पेशींवर उत्तर दाखवलं. क्ष-किरणांनंतर या पेशी थांबत नाहीत. तुटकं गुणसूत्र घेऊन विभागतात, आणि काही पेशींची बारीक कॉलनी करून मरतात. रॅड-९ शिवाय दुरुस्तीची हत्यारं जागेवर असतात का, हे पाहण्याची युक्ती साधी होती. किरण दिल्यानंतर सूक्ष्मनलिका (गुणसूत्रं ओढून वेगळी करणारे धागे) मोडणाऱ्या औषधाने त्या पेशींना काही तास जबरदस्तीने त्याच जागी रोखून धरलं. मग त्यांतल्या कितीतरी जास्त वाचल्या. हत्यारं होती. वेळ मिळत नव्हता.

हेच सीडीसी-१३ आणि रॅड-९ च्या दुहेरी म्युटंटवर करून पाहता येतं. २३ ला वाढवलेल्या पेशी थोडा वेळ ध्वनिलहरींनी सुट्या करायच्या, आधीच ३७ ला तापवलेल्या प्लेटीवर पसरायच्या, आणि दर दोन तासांनी प्लेट तशीच सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. सोबत नुसता सीडीसी-१३, नुसता रॅड-९ आणि धडधाकट वाणही हवा. दर वेळी दोनशे पेशी मोजायच्या, चार रकान्यांत: कोंब नसलेल्या, छोटा कोंब, मोठा कोंब, आणि चारहून जास्त पेशींचा पुंजका. चार तासांनी काही पेशी प्लेटीवरून खरवडून पातळ करून २३ ला पसरायच्या, म्हणजे किती जिवंत उरल्या तेही कळतं. सीडीसी-१३ च्या प्लेटीवर तिसरा रकाना भरत जातो, आणि २३ ला परत आणल्यावर बऱ्याच पेशी उगवतात. दुहेरी म्युटंटच्या प्लेटीवर पेशी न थांबता पुढे जातात, चौथा रकाना भरायला लागतो, आणि २३ च्या प्लेटीवर तुरळक कॉलन्या येतात. प्लेट स्टेजवर थंड होऊ देऊ नये. मोजणी पाच मिनिटांत आटपून ती परत आत ठेवावी.